सुईला जागा

औषधाच्या कारखान्यातल्या कुणा साहेबाने सकाळी नवा पांढरा डगला अंगात घातला आणि त्याच्या मानेला काहीतरी चावलं. किडा-मुंगी असेल म्हणून त्याने मान झटकली, तर आणखी चावलं. कॉलर उलटी करून पाहिली तेव्हा दुमडीत अर्धी आत अर्धी बाहेर अशी काजाची सुई निघाली. एवढंच झालं होतं. रक्ताचा थेंब आला असेल-नसेल. पण कारखाना औषधाचा, तिथे धुळीचा कण चालत नाही, मग सुई कशी चालावी. दुपारच्या आत ती सुई कागदाच्या पुडीत बसून पिंपरी स्टेशनाजवळच्या शिवणाच्या शेडमध्ये परत आली आणि दत्तोबा मास्तरांनी मशिनी थांबवायला लावल्या.

मशिनी थांबल्या की शेडमध्ये पत्र्याचा आवाज ऐकू येतो. उन्हाने पत्रा तडतडत असतो, पण एरवी ते कुणाच्या कानावर पडत नाही. त्या तडतडीखाली मास्तर हातकामाच्या बायकांपुढे येऊन उभे राहिले. पुरुष मशिनीवर डगले जोडायचे आणि या बायका तरटावर ओळीने बसून काजं करायच्या, बटणं लावायच्या, कडा तुरपायच्या. मास्तर म्हणाले, "आपापली सुई दाखवा." पहिलीने पदर सावरत चोळीतून डोरलं बाहेर ओढलं. काळ्या मण्यांच्या पोतीत सुई अडकवलेली, शेजारी दोन पिना आणि ट्रंकेची किल्ली. दुसरीने ओढलं, तिसरीने ओढलं. बायकांची ही पिढ्यान् पिढ्यांची जागा. पिन म्हणू नका, सुई म्हणू नका, काट्याकुट्याचा चिमटा म्हणू नका, सगळं डोरल्यात लटकवायचं. मग ठकुबाईची पाळी आली. तिची सुई पदराला टोचलेली होती. तिने पदर पुढे केला. सुई होती, दोऱ्यासकट होती, जागच्या जागी होती. तरी मास्तरांची नजर सुईवर थांबलीच नाही. ती तिच्या गळ्यावर गेली आणि तिथे काही नाही म्हणून चटकन बाजूला झाली, जसं उघड्या दारातून चुकून आत बघितल्यावर माणूस नजर काढून घेतो. साऱ्या ओळीने तसंच केलं. बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"पदराचा काय भरवसा," मास्तर पुडी चुरगाळत म्हणाले. "वारा आला की पदर उडतो, सुई गेली डगल्यात. मी कुणाचं नाव घेत नाही. पण आजपासून सुई, कात्री, जे काय असेल ते अंगावर बांधलेलं दिसलं पाहिजे. कपड्यात खोचायचं नाही, तरटात टोचायचं नाही. ज्याच्या अंगावर हत्यार दिसणार नाही त्याने ओळीत बसायचं नाही."

नाव घेत नाही म्हणाले आणि घेतलंच. ठकुबाईच्या तोंडाशी आलं होतं की मास्तर, माझी सुई माझ्यापाशी हाय, ही दुसऱ्या कुणाची तरी हाय, मोजून बघा. पण मोजणार काय. बायका घरून सुया आणायच्या, एक आणायच्या, दोन आणायच्या. हरवलेली कुणाची ते देवालाही सांगता आलं नसतं. मशिनी पुन्हा सुरू झाल्या, पत्र्याचा आवाज बुडाला, आणि ती हातात डगला घेऊन तशीच बसली. चोरी न करता झडती झाल्यासारखं तिला झालं होतं. बरं, झडतीत निघालं काय, तर काहीच नाही. ते काहीच नसणं हाच पुरावा.

शेजारच्या कौशल्याबाईने कोपर मारलं. "आण हिकडं तुझी सुई. माझ्या गळ्यात राहू दे. लागंल तवा माग. माझ्या चार, त्यात तुझी येक, काय जड हुतीया व्हय?" कौशल्याबाई मोठ्या मनाची बाई, बोलता बोलता तिने सुई घेऊन पोतीत अडकवलीसुद्धा. तिला वाटलं गाठ सुटली. पण बटणाचं काम कसं असतं ते तिलाही ठाऊक होतं. चार टाके, गाठ, दोरा तोड. तोडताना सुई हातातून सोडावी लागते. मग पुन्हा ओवायची, पुन्हा चार टाके. दर बटणाला ठकुबाई म्हणायची, "कौशल्याबाई, सुई," आणि कौशल्याबाई आपलं काम न थांबवता मान तेवढी कलती करायची. तिच्या गळ्याशी खोबरेल आणि घामाचा वास. ठकुबाईची बोटं मण्यांत चाचपडायची, पिनांतून, किल्लीखालून. मणी गरम असायचे. मणी गरम असतात हे ती विसरली होती. बाईच्या अंगावर दिवसभर पडून ते अंगाइतकेच गरम होतात, उन्हात तर अंगापेक्षाही जास्त, आणि न्हाताना पाणी पडलं की एकदम गार. नवरा गेल्यापासूनच्या सहा वर्षांत एकदाही हे तिच्या मनात आलं नव्हतं. आता दिवसातून शंभरदा येऊ लागलं. "माझा नवरा इचारतोय," कौशल्याबाई हसत म्हणाली, "गळ्यात काय मंगळवारचा बाजार भरवलायस? म्हनलं, त्यात एक गाळा ठकुबाईचा हाय." ओळ हसली. ठकुबाईही हसली. हसली आणि पुढचं काज वाकडं झालं, ते उसवावं लागलं.

आणि मग कौशल्याबाई पुतणीच्या लग्नाला मोशीला गेली. गळ्यात ठकुबाईची सुई घेऊन गेली. बिचारी विसरली, दुसरं काय. त्या दिवशी ठकुबाई ओळीत बसली आणि हात रिकामे. मास्तरांनी दुसरी सुई दिली, ती तिने बोटांत धरून ठेवली. दोरा तोडताना दातांत धरली. जिभेला लोखंडाची चव लागली. मास्तर लांबून बघत होते. ते वाईट माणूस नव्हते. तळेगावचे शिंपी, बापाच्या हाताखाली शिकलेले, बाईमाणसाशी अदबीने बोलणारे. जवळ येऊन हळू म्हणाले, "ठकुबाई, काहीतरी सोय करा. दातातली सुई पोटात गेली तर मला कोण सोडवणार?" सोय करा. हा शब्द तिने ज्योतीराम गेल्यापासून किती जणांच्या तोंडून ऐकला होता. त्याच्या डेपोतल्या साहेबाने म्हटलं होतं, खोलीच्या मालकाने म्हटलं होतं, भावाने तर दारात उभं राहून म्हटलं होतं. सोय करा असं म्हणणाऱ्याला सोय म्हणजे काय ते कधी सांगावं लागत नाही.

तिने आधी चंची काढली. ज्योतीरामाची चंची, गुंडाळायची, नाडी बांधायची, पान-सुपारी-चुना-तंबाखूला वेगवेगळे कप्पे असलेली. या कप्प्यांपेक्षा चांगले कप्पे कोण करणार. तिने ती दोनदा धुतली, तरी उलगडली की काताचा आणि तंबाखूचा वास येई आणि वासामागून ज्योतीरामाचं खाकरणं येई, डेपोतून सायकलीवरून येऊन तो उंबऱ्यावर बसायचा आणि आधी चंची सोडायचा, मग बूट. तापाने फणफणलेला असताना सुद्धा त्याचा हात कमरेला चंची शोधत होता. हे असलं काही आठवण्यासाठी तिने चंची काढली नव्हती. तिला फक्त कात्रीला एक कप्पा हवा होता. तिने कात्री, रीळ, मेणाचा खडा आणि बोटात घालायचं अंगुस्तान असं सगळं त्यात भरलं आणि चंची लुगड्याच्या केळ्यात, कमरेपाशी, घट्ट खोचली. उभी असताना छान वाटलं. पण काम उभ्याने नसतं. मांडी घालून बसली, मांडीवर डगला पसरला, की चंची डगल्याखाली गडप. दर वेळी डगला उचला, चंची सोडा, सुई काढा, डगला पसरा. आणि वाकलं की कात्रीचं टोक पोटात. ओळीच्या टोकाची शालनबाई म्हणाली, "ठकुबाई, एक पान लावा की आमाला बी. कात कमी." मास्तरसुद्धा मिशीत हसले. संध्याकाळी डगले मोजले तेव्हा तिचे निम्मेच भरले.

मग तिने मनगटावर बांधायची उशी केली. ही कल्पना तिला फार आवडली होती. लहानपणी माहेरी आई सुया केसांच्या गुंडाळीत टोचून ठेवायची, विंचरताना निघालेले केस, कोनाड्यात साठवलेले. तेलकट केसांत सुई गंजत नाही आणि सरकते गुळगुळीत. ठकुबाईनेही केस साठवले होते, बोहारणीला देण्यासाठी. त्यातले घेतले, जुन्या खणाच्या तुकड्यात भरले, वर रांगेने टीप घातली आणि नाडीने डाव्या मनगटावर बांधली. दिसायला पोळ्याच्या बैलाच्या कपाळावरचं बाशिंग असावं तशी दिसत होती, पण हात चालू लागला. सुई मनगटावर टोच, दोरा तोड, सुई काढ. ती इतक्या झरझर बटणं लावत सुटली की कौशल्याबाई लग्नाहून परत आली तेव्हा तिला मान कलती करायचं कामच उरलं नाही. दुपारी मास्तरांनी तिचे डगले उजेडाला धरले. प्रत्येक डगल्याच्या छातीवर, डाव्या बाजूला, रुपयाएवढा पिवळट डाग. केसांचं तेल उन्हाने पाझरून खणाबाहेर आलं होतं आणि जिथे जिथे मनगट टेकलं तिथे तिथे उमटलं होतं. ते डगले तिलाच धुवावे लागले. शेडमागच्या दगडावर डाग घासताना तिला रडू आलं नाही, राग आला, आणि राग कुणावर करावा ते कळेना. आईवर? केसांवर? तिचं काम चांगलं होतं, तिचा टाका ओळीत सगळ्यांत बारीक होता, हे मास्तर स्वतः म्हणत. मग एक सुई ठेवायला एवढी यातायात का. कौशल्याबाई काय रात्र रात्र बसून काही शिवत होती? तिला कुणी म्हटलं होतं सोय करा? तिची सोय बापाने मांडवात करून दिली होती, हळद लावून, वाजंत्री लावून. त्या सोयीला नवरा लटकत होता आणि नवऱ्याच्या जोडीने सुईही लटकत होती.

डाग घासताना तिने वर बघितलं तर मास्तर पत्र्याच्या सावलीत उभे होते, गळ्यात मोजायची पट्टी. शिंप्याच्या गळ्यात पट्टी असणारच, तिने ती हजारदा बघितली होती. पण आता तिला पट्टी दिसली नाही, पट्टीची पडण्याची तऱ्हा दिसली. मानेवरून दोन्हीकडे दोन टोकं, सारखी, मोकळी. मास्तर वाकले तरी पडत नव्हती. बसले तरी मांडीखाली जात नव्हती. दिवसभर जिथे हात लागतो तिथेच ती होती. तिला इतकं लख्ख दिसलं की ओला डगला हातात घेऊन ती तशीच बसून राहिली, पण त्याच क्षणी तिने नजर खाली घेतली, कारण पट्टी मास्तरांच्या गळ्यात होती आणि गळा पुरुषाचा होता.

कापड तिने चिंध्यांच्या ढिगातून मागून घेतलं. जाड जीनची पट्टी, तीन बोटं रुंद. रंगाचा विचार करायला बसली तेव्हा तिचं तिलाच हसू आलं. काळा दोरा नको. लाल नको. पिवळा तर नकोच. पांढरा तेवढा आपल्या वाटणीचा, तो कुणी नाकारणार नाही. खोलीच्या दारात संध्याकाळच्या उजेडाला बसून तिने पट्टीच्या एका टोकाला कात्रीचा खिसा केला, वरून झाप, म्हणजे टोक बाहेर येणार नाही. दुसऱ्या टोकाला सुयांसाठी मऊ फलाणीच्या कापडाची घडी, कोरडी, आत केस नाहीत की काही नाही. तिच्याखाली रिळाला आणि मेणाला कप्पा. अंगुस्तानाला छोटी टोपी. गळ्यात न घालताच ती दोन बोटांवर तोलून बघत होती. कावडीसारखं होतं ते. दोन्हीकडे वजन सारखं पाहिजे. कात्री जड पडली, म्हणून रिळाच्या बाजूला मेणाचा मोठा खडा घातला. झालं सारखं. पण रीळ संपत जातं. जसजसा दोरा कामी येई तसतसं ते टोक हलकं होई आणि कात्री आपल्या बाजूला ओढून नेई. म्हणजे जितकं काम जास्त तितकी पट्टी घसरणार. काम करणाऱ्याला हे असंच असतं काय, तिला वाटलं. तिने मानेपाशी दुहेरी कापड लावून बघितलं, खांद्यावर टाका मारून बघितला. एकच उपाय खरा होता. दोन्ही पट्ट्या छातीशी जवळ आणून एकमेकींना चार टाके. मग घसरायला वावच नाही. तिने टाके घातले, गाठ मारली आणि पट्टी वर उचलून धरली.

आणि ते डोरलं होतं. मानेतून दोन पदर, छातीशी एक जोड, जोडाखाली शेजारी शेजारी दोन वाट्या. तिने तसं काही करायचं ठरवलं नव्हतं. वजनाने केलं होतं ते.

सासू रुक्मिणीबाई पलीकडे सुपात जोंधळे चाचपून खडे काढत होती. डोळ्यांनी तिला आता फारसं दिसत नसे, पण पांढऱ्यावरचं काळं आणि काळ्यावरचं पांढरं दिसे. "काय ग ते?"

"हत्यारं ठिवायला, आत्याबाई. मास्तर म्हनले सोय करा."

"गळ्यात घालायचं?"

"व्हय."

रुक्मिणीबाईने सूप खाली ठेवलं, हात पुढे केला, पट्टी घेऊन बोटांनी मानेपासून खाली खाली चाचपली. बोटं जोडाशी आली आणि थांबली. "आन उद्या कुणी इचारलं, कुनाच्या नावाचं म्हनून?"

"कंपनीच्या नावाचं म्हनून सांगंन."

"आन कंपनी मेली म्हंजे?"

ठकुबाईला हसू यायला हवं होतं, म्हातारी पूर्वी अशीच बोलून ज्योतीरामाला हसवायची. पण सासूच्या तोंडावर हसू नव्हतं. ठकुबाईने पट्टी घेतली आणि चारही टाके दातांनी तोडले.

दुसऱ्या दिवशी न जोडलेली पट्टी घालून ती शेडमध्ये गेली. पदराखाली घेता आली असती, पण हत्यार दिसलं पाहिजे असा हुकूम. ओळ बघत होती. मास्तरांनी पट्टीकडे बघितलं, तिच्या गळ्याकडे बघितलं, आणि या वेळी नजर कुठे न्यावी ते त्यांना कळेना, तेव्हा ते रिळाकडे बघून म्हणाले, "बरं झालं." दोन डगले होईपर्यंत खरोखरच बरं चाललं होतं. मग पट्टी घसरली. तिने सारली. पुन्हा घसरली. एक हात कामाला आणि एक हात पट्टीला, म्हणजे पुन्हा निम्मंच काम. आणि तिसऱ्या डगल्याला ती बटण घ्यायला वाकली तेव्हा सगळंच्या सगळं गळ्यातून निघून फरशीवर आपटलं. कात्री खणखणत मशिनीखाली गेली. मशिनी थांबल्या.

"ठकुबाई," मास्तर म्हणाले, "हे रोज वाजणार का?"

तिने मशिनीखाली हात घालून कात्री काढली. पट्टी उचलली. घरच्या उंबऱ्यात जे चार टाके तिने म्हातारीच्या शब्दासाठी तोडले होते ते सगळ्यांच्या देखत घालायला घेतले. सासूचा राग होता, मास्तरांचा होता, ज्योतीरामाचाही होता, मेला तो मेला आणि सुई टोचायची जागासुद्धा घेऊन गेला. चार नाही, आठ टाके घातले, मोठे मोठे, रागाचे, तिच्या हातचे वाटणार नाहीत असे. दोरा तोडला आणि पट्टी डोक्यावरून गळ्यात घातली. ती छातीवर पडली आणि तिथेच राहिली.

शालनबाईने टाका न थांबवता म्हटलं, "ठकुबाईनं पाट लावला जनू, दुसरा दादला क्येला."

"लावला तर लावला," कौशल्याबाई म्हणाली. "कात्रीसंगं लावलाय. मारायची न्हाई, प्यायची न्हाई, आन इचारल्याबिगर दुसरीच्या घरी जायची न्हाई. आमाला बी अशीच बघा."

हसण्याने ओळ हलली. मशिनीवरचा एक जण सुद्धा हसला. ठकुबाईने मान वर केली नाही. पण हात चालला होता. सुई फलाणीत, कात्री खिशात, डोळे कामावर. काही शोधावं लागत नव्हतं, काही मागावं लागत नव्हतं. वाकलं की वजन जरा पुढे यायचं आणि ताठ बसलं की छातीवर टेकायचं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिच्यापाशी डगल्यांची अशी चळत लागली की मास्तरांनी ती उचलताना तिच्याकडे दोनदा बघितलं. बायकांनी मात्र त्या दिवशी तिला भाकरी खायला गोलात बोलावलं नाही. कुणी नको म्हटलं नाही, जागा तेवढी झाली नाही. कौशल्याबाईची चटणी कौशल्याबाईने आणून दिली, तीही उभ्यानेच.

घरी पट्टी खुंटीवर टांगली त्याचा आवाज सासूने ऐकला असणार. भाकरी खाताना ती भिंतीकडे तोंड करून बसली. असं किती दिवस चाललं. सकाळी पट्टी गळ्यात घालताना ठकुबाई पाठ फिरवायची आणि त्याच वेळी म्हातारीही पाठ फिरवायची, आणि एका खोलीत दोन बायका एकमेकींकडे पाठी करून उभ्या राहायच्या. ठकुबाईला वाटे, बोल बाई, काहीतरी बोल, रांड म्हण, भवाने म्हण, गावाकडे निघून जाईन म्हण. ठकुबाई चूल पेटवताना उगीच भांडी आपटायची.

मग एका सकाळी ती नळावरून पाणी घेऊन आली तर खुंटी रिकामी. हंडा उतरवायच्या आधी तिने खाली बघितलं, पेटीमागे बघितलं. उंदराने नेली म्हणावं तर कात्रीसकट कशी नेईल. म्हातारीने चुलीत घातली, असं तिच्या मनात आलं आणि डोक्यात रक्त चढलं. ती मागच्या दारी आली. रुक्मिणीबाई उन्हाला भिंतीशी टेकून बसली होती. पट्टी तिच्या गळ्यात होती. डोळे मिटलेले. एका हातात कात्रीचा खिसा, एका हातात रिळाचा कप्पा, पिकलेले आंबे धरावेत तसे तिने ते तळहातांत तोलून धरले होते.

ठकुबाईच्या पावलांचा आवाज आला तरी तिने डोळे उघडले नाहीत. "वझं बघत हुते," ती म्हणाली. खिसा जरा वर-खाली करून म्हणाली, "मानंला वढ लागतीया." आणि मग, जणू दुसऱ्याच कुणाला सांगत असावी तशी, "जोतीचा बा गेला, जोती पाळन्यात हुता, तवापासनं न्हवती."

कारखान्याचा भोंगा झाला. पहिला भोंगा म्हणजे निघायचं, दुसऱ्याला ओळीत. रुक्मिणीबाईला भोंगा कळत होता. तिने हात सोडले आणि मान पुढे केली, खाली वाकवून, सून काढून घेईल म्हणून. मागे केसांची पांढरी बुचडी, तिच्याखाली सुरकुतलेली मान, पट्टीने एवढ्यात लाल झालेली. ठकुबाईने हात पुढे नेला. नुसतं डोक्यावरून वर उचलायचं होतं. बाईच्या गळ्यातलं काढायला हात आला की तिची मान कशी आपोआप पुढे होते, ते ठकुबाईच्या मानेला माहीत होतं. तिचा हात तिथेच राहिला. निदान कात्री तरी काढून घ्यावी, सुई तरी घ्यावी, असं तिने मनाशी म्हटलं. पण कात्री काढली की वजन जाणार, आणि म्हातारीने घातलं होतं ते वजनच.

"असू द्या, आत्याबाई," ती म्हणाली. "मला आज लागत न्हाई."

शेडच्या दारात मास्तरांनी तिला अडवलं. नजर गळ्यावर आली आणि या वेळी बाजूला झाली नाही, इतकी त्यांना आता तिथे काहीतरी बघायची सवय झाली होती. "ठकुबाई, ते कुठंय तुमचं?"

"घरी हाय."

"विसरलात?"

"न्हाई. सासूबाईंनी घातलंय."

ओळीतले हात थांबले. मास्तरांनी मिशीवरून बोट फिरवलं. "त्या शिवतात का?"

"न्हाई. त्यांना दिसत न्हाई."

तेव्हा मास्तरांनी तेच सांगितलं जे ते रोज सांगत होते, की अंगावर हत्यार नाही तर ओळीत बसता येणार नाही, एकीला सूट दिली की सगळ्या मागतील. आज चिंध्या निवडा म्हणाले, उद्याचं उद्या बघू. कौशल्याबाईने आपलं डोरलं बाहेर ओढून नुसतं वर धरलं, एक सुई काढून घे म्हणून. ठकुबाईने मानेनेच नको म्हटलं.

चिंध्यांचा ढीग शेडच्या मागच्या कोपऱ्यात होता. तिथे नव्या बायका बसायच्या, ज्यांचा टाका अजून वाकडा जायचा त्या. ती बसली आणि निवडू लागली. मोठे तुकडे इकडे, दोऱ्यांचे पुंजके तिकडे. धूळ नाकात जात होती. निवडता निवडता तिचा हात सारखा छातीशी जात होता आणि काही न धरता परत येत होता. सहा वर्षांपूर्वी हाताची अशीच सवय मोडायला पुरा एक उन्हाळा लागला होता, भाकरी थापताना, न्हाताना, झोपेतसुद्धा तो गळ्याशी जायचा, आणि त्या वेळी तिने त्याला मारून मारून गप्प बसवलं होतं. आज तिने त्याला जाऊ दिलं. ढिगातून जीनची एक लांब पट्टी हाताला आली. तिने ती गळ्याभोवती धरून पाहिली, लांबी पुरत होती, रुंदी फार होती. कात्री नव्हती. तिने कडेला दात लावले, बारीकशी चीर पाडली, आणि दोन्ही हातांनी धरून ती पट्टी एका दमात शेवटापर्यंत फाडली.